दाणा आपला, कडबा बैलाचा

सजीवांमधील मोठ्या रेणूंचा धडा सुरू झाला की फळ्यावर हमखास चार चौकटी आखल्या जातात. कर्बोदके ऊर्जा देतात. प्रथिने शरीराची बांधणी करतात. स्निग्ध पदार्थ ऊर्जा साठवतात. केंद्रकाम्ले आनुवंशिक गुण पुढच्या पिढीकडे नेतात. चार नावे, चार कामे, परीक्षेत चार गुण. तक्ता पाठ झाला की धडा झाला!

हा तक्ता खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याने धड्याचा जीवच काढून घेतला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्ता तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहा. ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः कर्बोदक, ज्वारीच्या कडब्यातही मुख्यतः कर्बोदकच. मग दाणा आपण खातो आणि कडबा बैलापुढे टाकतो, तो का? बहुतेक जण गप्प बसतील, कारण याचे उत्तर कोणत्याच चौकटीत नाही.

उत्तर शोधायला एखाद्या शिवारात जाऊ या. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. अशी गावे वऱ्हाडात शेकड्यांनी आहेत. पण उदाहरण घ्यायचे तर नावगाव असलेले घ्यावे, म्हणजे ते डोळ्यांपुढे उभे राहते. या भागात एके काळी कापूस आणि ज्वारी यांचे राज्य होते. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने बरीचशी जमीन व्यापली. सोबत तूर आहे, रब्बीत हरभरा आणि गहू आहे. ज्वारी आता तुकड्यातुकड्यांनी दिसते. आपल्याला मात्र एक धांडाही पुरेल.

धांड्याच्या टोकाला कणीस असते. त्यातल्या दाण्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्ट असतो, म्हणजे स्टार्च. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंची साखळी. आता धांडा चिरा. त्याच्या पेशींच्या भिंती ज्या सेल्युलोजने उभ्या आहेत, तो सेल्युलोजही ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळीच. मणी तोच! झाडाने एकाच ग्लुकोजपासून वर दाणा केला आणि खाली कडबा केला.

फरक आहे तो सांध्यात. शाळेच्या मैदानावर हे करून पाहता येईल. दहा मुलांना रांगेत उभे करा. सर्वांची तोंडे एकाच दिशेला, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात धरलेला. हे झाले पिष्ट. आता एक मूल तसेच ठेवून दुसऱ्याला पाठमोरे करा, तिसरे तसेच, चौथे पाठमोरे, आणि पुन्हा हात धरायला सांगा. हा झाला सेल्युलोज. मुले तीच, हातही तेच, पण पकड बदलली. रेणूंमध्ये या एवढ्याशा बदलाचा परिणाम फार मोठा होतो. पहिल्या पद्धतीची साखळी वळत वळत जाते आणि स्प्रिंगसारखी सैल वेटोळी होते. तिच्यात पाणी शिरते, विकरे शिरतात. दुसऱ्या पद्धतीची साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून, मोळीतल्या काड्यांसारख्या घट्ट बसतात. पाणी त्यांना विरघळवू शकत नाही.

आपल्या लाळेत एक विकर असते. भाकरीचा कोरडा तुकडा न गिळता बराच वेळ चावत राहा. तो गोडसर लागू लागतो. विकराने पिष्टाचे सांधे सोडवायला सुरुवात केलेली असते. हेच विकर सेल्युलोजच्या सांध्यापुढे हतबल होते, कारण तो सांधा त्याच्या खोबणीत बसतच नाही. गंमत अशी की बैलाचेही तेच रडगाणे आहे. बैलाच्या शरीरातही सेल्युलोज तोडणारे विकर तयार होत नाही. पण त्याने आपल्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीवांना घर दिले आहे. हे सूक्ष्मजीव तो सांधा सोडवतात, आणि त्यातून तयार होणारी साधी आम्ले बैल शोषून घेतो. बैल रवंथ करतो तो या भाडेकरूंना कडबा बारीक करून देण्यासाठी. आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या वाळवीने तर आणखी कमाल केली आहे. ती वारुळात चक्क बुरशीची शेती करते आणि लाकूड पचवण्याचे काम बुरशीकडे सोपवते.

तेव्हा कर्बोदके ऊर्जा देतात हे विधान अर्धेच झाले. कोणाला देतात, हे विचारायला हवे. ज्याच्याकडे सांधा सोडवण्याची किल्ली आहे त्याला.

या सांध्यावर नुसते अन्नच नव्हे, कापडही उभे आहे. कापसाचे बोंड फुटले की जो पांढरा तंतू दिसतो तो जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. सेल्युलोजला मराठी परिभाषेत 'तूलीर' असा एक सुरेख शब्द आहे. तूल म्हणजे कापूस. आँसेल्म पायां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये वनस्पतींतून हा पदार्थ वेगळा ओळखला. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटर झालेली! एवढी लांब पेशी तुम्ही सूक्ष्मदर्शकाविना, बोटांच्या चिमटीत धरून पाहू शकता. कपाशीच्या सेल्युलोजच्या एका साखळीत ग्लुकोजचे दहा हजारांच्या आसपास मणी असतात. सदरा धुतला, पिळला, उन्हात घातला तरी तो विरघळत नाही, याचे श्रेय त्या पाठमोऱ्या पकडीला आहे. सदरा पिष्टाचा असता तर पहिल्याच धुण्यात त्याची कांजी झाली असती.

कांजीवरून आठवले. औषधाच्या दुकानात जखमेवर लावायचे आयोडीनचे द्रावण मिळते. त्याचा पाण्याने फिका केलेला थेंब ज्वारीच्या पिठावर टाका. पीठ निळेकाळे होईल, कारण आयोडीन पिष्टाच्या वेटोळ्यात जाऊन बसते. तोच थेंब स्वच्छ कापसावर टाका. निळा रंग येणार नाही; तिथे वेटोळेच नाही. मग खळ दिलेल्या जुन्या सुती कापडाच्या तुकड्यावर टाकून पाहा आणि काय झाले याचे कारण स्वतः लिहा. मात्र त्यासाठी आजोबांची टोपी घेऊ नका, डाग जात नाही.

एवढे मोठे रेणू असतात ही कल्पनाच शंभर वर्षांपूर्वी बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हती. रबर, सेल्युलोज, प्रथिने हे लहान रेणूंचे नुसते घोळके असावेत असे त्यांना वाटे. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडले की हे घोळके नसून खऱ्याखुऱ्या बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत. त्याने बरीच वर्षे टीका सोसली. १९५३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता.

श्टाउडिंगरच्या मोजपट्टीने पाहिले तर आपल्या तक्त्यातली एक चौकट उपरी ठरते. सरकीचे तेल घ्या किंवा सोयाबीनचे. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेली तीन स्निग्धाम्ले, बस्स. मण्याला मणी जोडत साखळी वाढवायची सोयच त्यात नाही. ग्लुकोजचा रेणुभार १८०, तेलाचा सुमारे ९००, आणि पिष्टाचा मात्र लाखांत. तरीही स्निग्ध पदार्थांना महारेणूंच्या पंगतीत बसवतात, ते केवळ सोयीसाठी. आता त्यांचे महत्त्व कमी आहे का? मुळीच नाही. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. बीजाला लहानशा जागेत बरीच शिदोरी बांधायची असते, म्हणून सरकीत आणि सोयाबीनमध्ये तेल भरलेले असते. शिवाय काही स्निग्ध पदार्थांचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्यापासून पळते. असे रेणू आपणहून दुहेरी पडदा करतात. प्रत्येक पेशीभोवतीचा पडदा असाच बनलेला आहे. साखळी न होताही भिंत उभी करता येते ती अशी.

आता प्रथिनांकडे येऊ, कारण खरे भांडण इथे आहे. आणि ते पैशांचेही आहे.

पिष्टात एकच मणी पुन्हा पुन्हा येतो. प्रथिनात वीस प्रकारचे मणी येतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यामुळे तिथे सांध्याइतकाच क्रम महत्त्वाचा होतो. क्रमाप्रमाणे साखळी स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि तिला आकार येतो. त्या आकारामुळे कोणी विकर होते, कोणी केस होते, कोणी रक्तातला प्राणवायू वाहते. फ्रेडरिक सँगरने इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम शोधून काढला आणि १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळवले. तोपर्यंत प्रथिनात असा पक्का क्रम असतो याचीही खात्री नव्हती. क्रमात एक मणी चुकला तर काय होते? आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकल सेलचा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी १४५ मणी जागच्या जागी. तरीही प्राणवायू कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटून काठ्या करतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि मुलाला असह्य वेदना होतात. २०२३ मध्ये या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तुमच्या शाळेत तपासणीला कोणी आले तर घाबरून पळू नका; रक्ताच्या थेंबभर नमुन्यात ते त्या एका मण्याची चौकशी करत असतात.

जानेफळच्या शेजारी लोणार तालुक्यात उलट उदाहरण आहे. लोणार सरोवराचे पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी आहे. आपली प्रथिने तशा पाण्यात टिकणार नाहीत, उलगडून जातील. पण जून २०२० मध्ये ते सरोवर गुलाबी झाले तेव्हा त्या पाण्यात खारेपणावर पोसणारे सूक्ष्मजीव माजले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तसे दाखवून दिले. अशा जिवांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भाराची अमिनो आम्ले अधिक असतात. ती पाण्याला धरून ठेवतात आणि म्हणून मिठातही प्रथिनाचा आकार मोडत नाही. मणी तेच वीस, क्रम निराळा.

हे लक्षात ठेवून ताटाकडे पाहा. आपण खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे आपल्या दंडात जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे सांधे सुटतात, सुटे मणी रक्तात जातात, आणि शरीर आपल्याला हव्या त्या क्रमाने ते पुन्हा ओवते. ओवताना एखादा मणी कमी पडला तर माळ तिथेच अडते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. तुरीच्या डाळीत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी; ते ज्वारी पुरवते. भाकरी आणि वरण हा बेत ज्यांनी बसवला त्यांना लायसिनचे नावही ठाऊक नव्हते, पण एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत होती. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असते, डाळींच्या जवळजवळ दुप्पट. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यात असे एक प्रथिन असते की ते आपल्या आतड्यातल्या प्रथिन तोडणाऱ्या विकरालाच जखडून ठेवते. म्हणजे किल्लीच कुलपात अडकवून ठेवण्याचा डाव! चांगले शिजवले की उष्णतेने त्या प्रथिनाचा आकार मोडतो आणि डाव फसतो.

आता मला खटकते ते सांगतो. ज्या गावांतून सोयाबीन आणि तुरीच्या गाड्या बाजाराकडे जातात, त्याच गावांत रंगीत डब्यातली 'प्रथिनांची पावडर' येते आणि मुलाची ताकद वाढावी म्हणून आईबाप ती विकत घेतात. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जाते, तेल काढून उरलेली पेंड बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. घरच्या ताटात त्याचा दाणाही नसतो. डब्यातले प्रथिन वाईट आहे असे नाही. ते आतड्यात गेल्यावर त्याचे तेच वीस मणी होतात, एवढेच. आतड्याला डब्याची किंमत वाचता येत नाही. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिन पुरते, वाढत्या वयात थोडे जास्त. ज्या घरात डाळ, हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी यांतले काही रोज आणि पोटभर शिजते, त्या घराला सहसा डब्याची गरज नसते. डॉक्टरांनी कोणा आजारी माणसाला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

'पोटभर' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी जवळजवळ दोन दशके काम केले. १९७० च्या सुमारास जगभर असे म्हटले जाई की गरीब देशांतल्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, तेव्हा प्रथिनांचे खास पदार्थ तयार करून वाटा. सुखात्म्यांनी आकडे तपासून वेगळेच सांगितले. बहुतेक ठिकाणी तुटवडा आधी एकूण अन्नाचा आहे. पोट अर्धे असेल तर शरीर प्रथिनाचे मणी ओवण्याऐवजी चुलीत घालते, ऊर्जेसाठी जाळते. अशा मुलाला महाग प्रथिन देणे म्हणजे सागवानाच्या फळ्यांवर भाकरी भाजणे. आधी भाकरी हवी. आमच्या तक्त्यात कर्बोदकांचे काम ऊर्जा आणि प्रथिनांचे काम बांधणी असे दोन अलग चौकटींत लिहिलेले असते. पहिली चौकट रिकामी राहिली तर दुसरीतला माल तिकडे वळतो, हे मात्र त्यात कुठेच दिसत नाही.

राहिली केंद्रकाम्ले. तीही साखळ्याच, मणी फक्त चार प्रकारचे. प्रथिनातल्या वीस मण्यांचा क्रम या चार मण्यांच्या क्रमात लिहून ठेवलेला असतो. याचे सगळ्यात जवळचे उदाहरण पुन्हा कपाशीतच आहे. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या डीएनएमधला काही भाग कपाशीच्या डीएनएमध्ये घातला आणि त्यातून बीटी कापूस झाला. भारतात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या भागाच्या आज्ञेवरून कपाशी एक प्रथिन तयार करते. बोंडअळीने पान किंवा बोंड कुरतडले की ते प्रथिन तिच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला नेमके जाऊन चिकटते आणि आतड्याला भोके पडतात. नेम चुकेपर्यंत सारे ठीक होते. पण गुलाबी बोंडअळीच्या काही पिलांच्या डीएनएमध्ये बदल झाले, त्यांच्या आतड्यातल्या प्रथिनांचा क्रम बदलला आणि बीटीचे प्रथिन चिकटेनासे झाले. तीच पिले जगली, त्यांचीच प्रजा वाढली. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी बोंडे फोडून पाहिली तर आत अळ्या होत्या. म्हणूनच कृषितज्ज्ञ सांगतात की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, कारण उरलेल्या बोंडांत अळी दडून बसते. पऱ्हाटी काढून जाळावी असा सोपा मार्ग बरेच जण धरतात. मला तो पटत नाही. धांड्याप्रमाणे पऱ्हाटीतही सेल्युलोज आहे, सोबत लिग्निन नावाचा आणखी चिवट पदार्थ आहे. बुरशीला आणि जिवाणूंना वेळ दिला तर ते हे सांधे सोडवतात. यंत्राने बारीक तुकडे करून कुजवले तर अळीही मरते आणि मातीला खत मिळते. जाळले तर नत्र आणि कर्ब दोन्ही धुराबरोबर जातात.

गुरुजनांना एक विनंती आहे. पुढच्या चाचणीत महारेणूंचे प्रकार आणि कार्ये लिहा हा प्रश्न वगळून एक फुटलेले बोंड वर्गात आणा. त्यात रुई आहे, सरकीत तेल आहे, ढेपेत प्रथिन आहे आणि प्रत्येक पेशीत डीएनए आहे. मग विचारा: यांतले काय बैलाला पचेल, काय आपल्याला पचेल, काय धुण्यात टिकेल, आणि का? उत्तरपत्रिका तपासायला वेळ जास्त लागेल खरा.